तासाचे वाचन आणि पाच मिनिटांचे वाचन

कोल्हापुरात आषाढ-श्रावणातील झड लागली की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो : राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट? चैत्र-वैशाखात तेथील मापपट्टी दिवसातून एकदा पाहिली तरी भागते. परंतु पंचगंगा ३९ फुटांची इशारा-पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका-पातळीकडे निघाली, म्हणजे सकाळचा आकडा दुपारी शिळा होतो आणि तासातासाची वार्ता हवीशी वाटते. नदी तीच, पट्टी तीच. पाहण्याची गती तेवढी बदलते. ही साधी रीत शास्त्राच्या इतिहासात किती मोलाची ठरली, याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत घडले.

ही वेधशाळा १८२६ साली उभी राहिली आणि १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकशक्तीची मोजणी होऊ लागली. प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे काम केलेल्यांत पुढे गणिती म्हणून कीर्ती पावलेले केरो लक्ष्मण छत्रे हेही होते. मोजणीचे साधन मोठे नाजूक असे. टांगलेले एक चुंबक, त्यास जोडलेला आरसा, आणि त्या आरशात दुर्बिणीतून दिसणारी मापपट्टी. पृथ्वीचे बल कमीअधिक झाले की चुंबक किंचित वळे व पट्टीवरील आकडा सरके. रात्रंदिवस दर तासाला तो आकडा वहीत उतरावयाचा, हा नित्याचा नेम. मात्र चुंबकाची चलबिचल वाढली की पंधरा मिनिटांनी, प्रसंगी पाच मिनिटांनीही वाचन घेतले जाई.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरील डागांच्या समूहात एकाएकी झगझगीत प्रकाश दिसला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठले. क्यू व ग्रीनिच येथील यंत्रे प्रकाशाच्या साहाय्याने कागदावर अखंड रेषा उमटवीत. पण त्या दिवशी ती रेषा कागदाबाहेरच गेली. कुलाब्यास मात्र दुर्बिणीस डोळा लावून माणूस बसला होता. २ सप्टेंबरच्या दुपारपूर्वीच चुंबकबल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे मुंबईच्या आडव्या बलाच्या सुमारे चार टक्क्यांनी, खाली आले आणि पाहता पाहता बरेचसे पूर्ववत झाले. फर्ग्युसन यांच्या देखरेखीखाली झालेली ही वाचने छापली गेली. पुढे २००३ साली त्सुरुतानी, लाखिना प्रभृती संशोधकांनी तीच वाचने घेऊन त्या वादळाची थोरवी जगापुढे मांडली.

येथेच खरा मुद्दा आहे. याच वाचनांची तासाची सरासरी काढली, तर ती १६०० ची घट जवळजवळ निम्मीच दिसते. क्षणात आलेली दरी सरासरीत बुजून जाते. म्हणजे मोजणी तासाचीच असती, तर इतिहासातील हे वादळ पुष्कळच लहान ठरले असते. हा केवळ आकड्यांचा वाद नव्हे. मार्च १९८९ मध्ये याहून सौम्य वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांत सुमारे नऊ तास अंधारात बुडविला. विजेच्या जाळ्याने किती मोठ्या आघाताची तयारी ठेवावी, हे ठरविताना आज १८५९ चे वादळ डोळ्यांपुढे ठेवतात.

मग मंद वाचन निरुपयोगी म्हणावे काय? मुळीच नाही. बल किती घटले हे सांगावयास ते एरवी किती असते हे ठाऊक हवे, आणि ते कळते तासाच्या शांत नोंदींवरून. नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी १९१० साली दोन खंडांत प्रसिद्ध केल्या, त्या याच चिकाटीचे फळ होत. दिवसाचा क्रम, ऋतूंचा क्रम, वर्षानुवर्षांचा संथ पालट अशाच नोंदींतून उलगडतो. शिवाय दोन्ही वाचने एकाच चुंबकाची, म्हणून ती एकमेकांस जोडता येतात.

विजेच्या ट्रामगाड्यांचा उपद्रव नको म्हणून चुंबकाचे हे काम पुढे अलिबागला नेण्यात आले. आज वेधशाळांतील यंत्रे सेकंदासेकंदाला आकडा टिपतात आणि त्यांतूनच मिनिटाचे व तासाचे आकडे काढले जातात. १८५९ साली मात्र नेम सोडून अधिक वेळा केव्हा पाहावयाचे, हे माणसाला ओळखावे लागे. आणि रोजचा आकडा ज्याच्या अंगवळणी पडला होता, त्यालाच ते ओळखता आले.