दुसऱ्याच्या घराचं दार

परवा भाचा आला होता, लॅपटॉप घेऊन. (मामाला काही विचारावंसं वाटलं, हेच नवल!) त्याच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये दवाखान्यातल्या पेशंटना व्हॉट्सऍपवरून अपॉइंटमेंटची आठवण जाते. कल्पना छान आहे. पण कोड उघडला तर जिकडेतिकडे व्हॉट्सऍप... नोंदणीत, बिलात, अगदी पेशंटच्या टेबलातसुद्धा.

"उद्या त्यांनी नियम बदलले तर?"

"कशाला बदलतील?"

त्याच्या या "कशाला बदलतील"साठी मला पंचवीसेक वर्षं मागे जावं लागलं.

मार्क स्पेन्सर नावाच्या अमेरिकन कॉलेजकुमाराने १९९८ च्या अखेरीस लिनक्ससाठी एक चॅटचा प्रोग्रॅम लिहिला. नाव 'गेम', म्हणजे जीटीके प्लस एओएल इन्स्टंट मेसेंजर. सेवा एओएलची, तिच्याशी बोलणारा प्रोग्रॅम याचा. एओएलने त्या संभाषणाची एक पद्धत स्वतःच जाहीर केली होती, त्यामुळे सुरुवात सोपी होती.

पण दुसऱ्याच्या घराचं दार कायम उघडं राहील याचा काय भरवसा? जुलै १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन मेसेंजर आणला, आणि त्यातून एओएलच्या लोकांशीही बोलता येईल अशी सोय केली. एओएलने दार लावलं. मायक्रोसॉफ्टने वाट काढली. पुन्हा दार बंद, पुन्हा नवी वाट... काही महिने हाच खेळ चालला. शेवटी तर एओएलने स्वतःच्याच प्रोग्रॅममधल्या एका खोटीचा, बफर ओव्हरफ्लोचा, उपयोग करून समोरचा आपलाच आहे की परका हे ओळखायला सुरुवात केली! तिथे मायक्रोसॉफ्टने हात टेकले. त्या टीममधल्या डेव्हिड ऑअरबाखने २०१४ साली हा सगळा किस्सा लिहिला आहे. जमल्यास जरूर वाचा.

एवढी बलाढ्य कंपनी जिथे थकली, तिथे फावल्या वेळात काम करणारी गेमची मंडळी टिकली कशी? माझ्या मते उत्तर रचनेत आहे. त्यांनी हळूहळू प्रत्येक सेवेसाठी वेगळा प्लगइन केला. याहूचा वेगळा, एमएसएनचा वेगळा, जॅबरचा वेगळा. मधल्या गाभ्याला एवढंच ठाऊक, की कोणीतरी लॉगिन होतं, कोणीतरी निरोप धाडतं, कोणीतरी निरोप घेतं. याहूने पद्धत बदलली तर याहूचा प्लगइन दुरुस्त करायचा, बाकीच्यांची झोप मोडायची नाही. आपल्याकडे मोरीचा नळ बिघडला म्हणून कोणी देवघर खणतं का?

नावाचंही तेच झालं. एओएलच्या तक्रारींमुळे २००७ साली 'गेम'चं 'पिजिन' झालं. त्याच सुमारास गाभा आणि खिडक्या-बटणं पूर्ण वेगळी झाली, आणि गाभ्याला 'लिबपर्पल' हे नाव मिळालं. मॅकवरचा एडियम याच गाभ्यावर चालायचा.

अर्थात सगळं आदर्श नव्हतं. प्रोग्रॅम आधी फक्त एओएलसाठी लिहिलेला, त्यामुळे 'बडी'सारखे एओएलचे शब्द गाभ्यात राहिले. पहिल्या पाहुण्याची भाषा घराला लागते ती अशी.

जॅबरवाल्यांनी (जेरेमी मिलर, १९९९) दुसरी वाट धरली. दुभाष्या प्रत्येकाच्या मशीनवर न ठेवता सर्व्हरवर बसवला. दुरुस्ती एकाच जागी करायची, वापरणाऱ्याला पत्ताही नाही. पण मग शेकडो माणसांचे निरोप एकाच पत्त्यावरून जाणार, म्हणजे समोरच्याला अडवणंही तितकंच सोपं! प्रत्येक रचनेत कुठेतरी किंमत मोजावीच लागते.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. एआयएम डिसेंबर २०१७ मध्ये बंद झालं, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये, स्काइप मे २०२५ मध्ये. "कशाला बदलतील" याचं उत्तर हे असं आहे.

हे सगळं भाच्याला सांगून झालं आणि मग एक गोष्ट दाखवली, जी मी एरवी उघडत नाही. माझ्या जुन्या मशीनवरचा एक फोल्डर. पिजिन संभाषणं स्वतःच्या फाइलींत, आपल्याच डिस्कवर ठेवायचा. सेवा कुठलीही असो, जपणूक गाभ्याकडे. त्यात बाबा आहेत. सांगलीच्या सायबर कॅफेतून एका बोटाने टाइप करणारे, रोमन लिपीत 'जेवलास का' विचारणारे. २००६ ते २०१०. याहू गेलं, बाबाही गेले, ते 'जेवलास का' मात्र तारीखवेळेसकट शाबूत आहे. (ताई, वाचत्येस ना? तुला पाठवतो.)

भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, म्हणजे निरोपाची नोंद आपल्या टेबलात, आणि व्हॉट्सऍप एका फाइलीत कोंडायचं. उद्या एसएमएस आला तर शेजारी दुसरी फाइल."

अगदी तेच. एवढं त्याला कळलं, माझा रविवार सार्थकी लागला. प्रोजेक्ट जमा करायला अजून तीन आठवडे आहेत. कोंडतो का ते बघू!

असो. जेवायला हाक आली आहे...