सफरमैना पलटणीचा बिल्ला

बेळगावातल्या आमच्या घरी देवाच्या उपकरण्यांच्या डब्यात एक पितळी बिल्ला होता. दर दिवाळीला समई, निरांजन, पळी-पंचपात्राबरोबर तोही चिंच लावून घासला जायचा. ‘हा पणजोबांचा, फ्रान्सच्या लढाईतला’ असं आम्हा पोरांना सांगितलेलं. आजी म्हणायची, ते सफरमैनात होते. मला वाटायचं, लांबची सफर करणारी कसलीतरी मैना असणार!

सॅपर्स अँड मायनर्स या इंग्रजी नावाचं आपल्या शिपायांच्या तोंडी झालं सफरमैना. शत्रूच्या तटाकडे चर खणत जाणारे आणि तटाखाली सुरुंग लावणारे, असे हे लोक. पूल बांधणं, रस्ते करणं, तारा तोडणं ही कामंही त्यांचीच. इंग्रजांच्या काळात यांच्या तीन मुख्य फौजा होत्या : बंगालची रुरकीला, मद्रासची बंगळूरला आणि मुंबईची आपल्या पुण्याजवळ खडकीला. (बंगालच्या फौजेत बंगाली शोधू नका, तिथे शीख, पंजाबी मुसलमान, पठाण. इलाख्याचं नाव नुसतं नावापुरतं.) खडकीत मात्र मराठे पुष्कळ, शिवाय दखनी मुसलमान आणि शीख.

आमच्या गावात फौजी वस्तू निघाली की लोक डोळे मिटून ‘मराठा सेंटर’ म्हणतात. आमच्याही बिल्ल्याला शेजारचे काका तेच म्हणत आले. पण मराठा लाइट इन्फंट्रीच्या चिन्हात बिगुल असतो. आमच्यावर बिगुल नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला. कुणी बाँबगोळ्याची ज्वाळा दिसली की लगेच ‘इंजिनियर’ म्हणतात, तेही घाईचं. ज्वाळा तोफखान्याच्याही चिन्हात असते. ब्रिटिशांच्या रॉयल इंजिनियर्सच्या गोळ्याला नऊ ज्वाळा, तोफखान्याच्या गोळ्याला सात. मोजून बघायला हवं, आणि चिंचेने झिजलेल्या बिल्ल्यावर मोजायचं म्हणजे परीक्षाच.

खरा पुरावा दोन ठिकाणी असतो, मुकुटात आणि अक्षरांत.

मुकुट असा बघा. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुकुटाच्या कमानी वर मध्यभागी खाली दबलेल्या असतात. १९०१ ला राजा गादीवर आला आणि फुगीर, घुमटासारखा मुकुट आला. पुन्हा दबलेला मुकुट आला तो १९५२ नंतर, पण तोवर आपण प्रजासत्ताक झालो होतो. २६ जानेवारी १९५० पासून आपल्या पलटणींच्या चिन्हांवर अशोकाचे सिंह आले. म्हणजे हिंदी पलटणीचा बिल्ला आणि घुमटाचा मुकुट, तर काळ साधारण १९०१ ते १९५०. आमच्यावर घुमट होता. इथवर पणजोबांची गोष्ट बसत होती.

अडलं ते अक्षरांपाशी. गेल्या वर्षी पुतण्याने मोबाइलच्या उजेडात तिरका धरून फोटो काढला तेव्हा खालच्या पट्टीवर ‘रॉयल बॉम्बे’ ही अक्षरं लागली. आता गंमत बघा. १९०३ साली किचनेरने फौजेची फेररचना केली, तेव्हा मुंबईचं नाव जाऊन नुसतं ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ राहिलं. ‘रॉयल’ हा मान पहिल्या महायुद्धातल्या कामगिरीसाठी मिळाला, १९२१ साली, आणि मुंबईचं नावही तेव्हाच परत आलं. मग फ्रान्सच्या लढाईत हा बिल्ला असणार कसा?

पणजोबा फ्रान्सला होते यात शंका नाही. त्यांच्या सुटकेचा १९१९ चा कागद घरात आहे, त्यावर ‘थर्ड’ आणि २० नंबरची कंपनी असं लिहिलंय. खडकीच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना २८ ऑक्टोबर १९१४ ला न्यूव्ह शापेलला ४७ व्या शिखांबरोबर पायदळासारखं हल्ल्याला पाठवलं होतं. कुदळ-फावड्याची माणसं घराघरांतून संगिनीने लढली. त्यांचे बहुतेक सगळे ब्रिटिश अधिकारी पडले किंवा जखमी झाले. त्यातून पणजोबा परत आले. पण १९१९ ला सुटलेल्या माणसाकडे १९२१ नंतरचं चिन्ह कुठून येणार?

आत्याला विचारलं. ती ८६ वर्षांची आहे, खानापूरला असते. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “अरे, तो धाकट्याचा असेल की.”

धाकटा म्हणजे पणजोबांचा शेवटचा मुलगा, आजोबांचा भाऊ. १९४० ला खडकीत भरती झाला होता. कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे, ज्यांना १९४८ च्या नौशेरा-राजौरी रस्त्यावरच्या कामगिरीसाठी परमवीरचक्र मिळालं, तेही त्याच वर्षी याच फौजेत दाखल झालेले. आमचे धाकटे आजोबा आफ्रिकेला गेले. तिथे काय केलं ते कधी बोलले नाहीत. परत आल्यावर पडवीत बसून असत, फटाक्यांच्या आवाजाने उठून मागच्या परसात जात. लग्न झालं नाही. घरात त्यांना ‘बिनकामाचा’ म्हणत, हे मी स्वतः ऐकलंय. सुरुंग काढण्याचं काम केलेला माणूस फटाक्याला का दचकतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. ते १९७१ ला गेले. भिंतीवरच्या वंशवेलीत त्यांचं नावच नाही, कारण पुढे वंश नाही.

बिल्ला त्यांचाच, असं शपथेवर मी सांगणार नाही. १९२१ नंतर आमच्या घरातून त्या फौजेत गेलेला तो एकच माणूस, एवढं नक्की. थोरल्या चुलतभावाला हे पटलं नाही. फ्रान्सची गोष्ट जाते की काय म्हणून तो रागावला. फ्रान्स कुठे जात नाही, तो कागदावर आहे, असं त्याला दोनदा सांगितलं. वंशवेल मात्र आम्ही उतरवून रंगाऱ्याकडे दिली आहे. पणजोबांच्या खाली एक फांदी वाढवायला सांगितली आहे, नुसत्या नावाची.

तुमच्याकडे असं काही असेल तर चिंच, पितांबरी लावू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि तिरक्या उजेडात फोटो काढा, पुढून आणि मागूनही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या मंडळींनी आधी एक बघावं, वस्तू इंग्रजांच्या फौजेची आहे की संस्थानच्या, कारण संस्थानच्या पलटणींची चिन्हं वेगळी असत. आणि पुष्कळदा ‘टोपीचा बिल्ला’ म्हणून जपलेलं पितळ खांद्यावरचं निघतं. अक्षरं अर्धी लागली तरी तेवढीच लिहा, उरलेली मनाने भरू नका.