सुगरणीचें घरटें आणि अंड्याची साक्ष

बोरघाटाच्या पायथ्याशीं वसलेल्या खोपोलीच्या आसमंतांत आषाढ लागला, कीं भातखाचरांच्या कडेच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांचीं घरटीं झुलूं लागतात. गवताच्या बारीक धाग्यांनीं विणलेलें आणि खालीं लांब नळी सोडलेलें तें घर पाहून कोणीही थबकावें. लोकांनीं ह्या पक्ष्याला नांव दिलें तें स्त्रीलिंगी. घर नीट राखणारी ती सुगरण. तेव्हां इतकें सुबक घर बांधणारी मादीच असली पाहिजे, असा सरळ हिशेब त्यामागें दिसतो. हा हिशेब चुकीचा होता, आणि तो चुकीचा ठरविणारें संशोधन ह्याच जिल्ह्यांत झालें.

अंड्याविषयींचें कुतूहल आपल्याकडे जुनें आहे. पक्षी एकदां अंड्याच्या रूपानें व पुन्हां त्यांतून बाहेर पडून असा दोनदां जन्मतो, म्हणून संस्कृतांत त्याला द्विज म्हटलें. कावळ्याच्या घरट्यांत वाढणाऱ्या कोकिळेला परभृत हें नांव मिळालें, तेंही डोळस निरीक्षणांतूनच. परंतु शब्दांत सांठलेल्या ह्या निरीक्षणाला शास्त्राची शिस्त लागली ती एकोणिसाव्या शतकांत. राष्ट्रसभेचे एक संस्थापक म्हणून सर्वांस परिचित असलेले ॲलन ह्यूम हे पक्षिशास्त्राचेही मोठे व्यासंगी होते. हिंदुस्थानांतील पक्ष्यांचीं घरटीं व अंडीं ह्या विषयावरील त्यांचा ग्रंथ 1873 पासून प्रसिद्ध होऊं लागला, आणि 1885 सालीं त्यांचा प्रचंड संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला गेला. मुंबईंत 1883 सालीं नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली, तेव्हां ह्या अभ्यासाला येथेंही घर मिळालें.

त्या काळची रीत अशी, कीं घरट्यांतून अंडें काढावें, त्याला छिद्र पाडून आंतील द्रव काढून टाकावा, आणि रिकाम्या कवचावर स्थळ व तारीख लिहून तें कपाटांत ठेवावें. अशा कवचावरून रंग कळे, आकार कळे, विणीचा काळ कळे. पण घरटें कोणीं बांधलें, अंडें कोणीं उबविलें, पिल्लांना कोणीं भरविलें, हें रिकामें कवच कसें सांगणार?

तें सांगण्याचा योग 1930 सालीं आला. बर्लिन येथें एर्विन स्ट्रेसेमान यांच्या हाताखालीं शिक्षण घेऊन सालिम अली परतले होते. परंतु नोकरी नव्हती. पत्नी तेहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीम गांवीं जाऊन राहिले. तेव्हां हें गांव व खोपोली दोन्ही कुलाबा जिल्ह्यांतच होतीं. पावसाळ्यांत जवळच सुगरणींची वसाहत भरली, आणि बेकारीचे ते दिवस त्यांनीं घरट्यांकडे पाहण्यांत घालविले.

त्यांना दिसलें तें असें. घरटें विणणारा नर. तो तें अर्धें झालें कीं थांबतो, आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येऊन घर आंतून पाहते. पसंत न पडल्यास निघून जाते. पसंत पडलें तरच तो नळी जोडून तें पुरें करतो. मग मादी त्यांत बहुधा दोन ते चार पांढरीं अंडीं घालते व पंधरवडाभर एकटीच उबविते. इकडे नर दुसऱ्या घराच्या पायाला लागलेला असतो! 1931 सालीं हा निबंध सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. नांव सुगरणीचें, पण सुईदोरा नराच्या हातीं, हें कपाटांतल्या हजारों कवचांवरून कधींच कळलें नसतें.

मादी जें उबविते, त्या अंड्याची रचनाही तितकीच नवलाची आहे. घरोघरीं परिचित असलेल्या कोंबडीच्या एका अंड्यांत सुमारें 6 ग्रॅम प्रथिनें असतात, आणि शरीराला बाहेरूनच घ्यावीं लागणारीं सर्व आवश्यक अमिनो आम्लें त्यांत असतात. म्हणूनच आहारशास्त्रज्ञांनीं इतर अन्नांतील प्रथिनें मोजण्यास अंड्याचा मापदंड वापरला. मात्र त्यांत क जीवनसत्त्व नाहीं. कोंबडीचें शरीर तें स्वतःच बनवितें, तेव्हां शिदोरींत बांधण्याची गरज काय? कवच मुख्यतः चुन्याच्या क्षाराचें असतें. त्याच्या हजारों सूक्ष्म छिद्रांतून पिल्लू श्वास घेतें, आणि त्यांतलाच चुना घेऊन आपलीं हाडें घडवितें.

ह्याच कवचानें पुढें मोठी साक्ष दिली. पॉल म्यूलर यांनीं 1939 सालीं डी.डी.टी.चा कीटकनाशक गुण शोधला, व 1948 सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हिवतापाशीं झुंजतांना त्या द्रव्यानें असंख्य प्राण वाचविले. परंतु इंग्लंडांत बहिरी ससाण्याचीं अंडीं घरट्यांतच फुटूं लागलीं. डेरेक रॅटक्लिफ यांनीं संग्राहकांचीं जुनीं कपाटें उघडलीं, कवचें तोललीं व मापलीं, आणि 1967 सालीं दाखवून दिलें, कीं दुसऱ्या महायुद्धानंतरचीं कवचें पूर्वींपेक्षां ठळकपणें हलकीं व पातळ आहेत. डी.डी.टी.पासून होणारें एक द्रव्य ससाण्याच्या शरीरांत सांठून कवचाला मिळणारा चुना अडवीत होतें. ज्या छंदाला पुष्कळांनीं निष्ठुर म्हटलें, त्याच छंदांतील तारखांनीं पक्ष्यांची बाजू मांडली.

खोपोलीला ही गोष्ट परकी नाहीं. टाटांच्या वीजगृहांत 1915 सालापासून घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी उतरत आलें, व तें पुढें पाताळगंगेला मिळतें. त्याच नदीच्या खोऱ्यांत, खालापूर तालुक्यांतील रसायनी येथें, एका सरकारी कंपनीच्या कारखान्यांत डी.डी.टी. तयार होत असे. 1989 सालीं हिंदुस्थानांत त्याचा शेतींतील वापर बंद झाला. हिवतापासाठीं तो राहिला. अंडें व मनुष्य, दोहोंचें रक्षण एकाच तराजूंत कसें तोलावें, हा प्रश्न अशा रीतीनें दारापर्यंत आलेला आहे.

1972 च्या वन्यजीव कायद्यानें संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना हात लावण्यास बंदी केली, तेव्हां कपाटें भरण्याचा काळ संपला. पण तारीख लिहिण्याचा काळ संपलेला नाहीं. पहिलें घरटें कधीं झुललें, पिल्लें कधीं उडालीं, एवढें घरच्या मुलांनीं दरवर्षीं वहींत टिपलें, तर अंड्याला हात न लावतांही त्याची साक्ष जपली जाईल.