मुर्दाडशिंग ते फुग्याचा कुत्रा

वाढदिवसाच्या पॅकेजमध्ये हल्ली केक, कमान आणि डीजेच्या खाली आणखी एक ओळ दिसते: ‘फेस पेंटिंग आणि बलून आर्टिस्ट’. मोठ्या शहरांतल्या मॉलमध्ये दिसणारा हा प्रकार आता तालुक्याच्या गावांपर्यंत आला आहे. भंडारा आणि साकोलीच्या मध्ये, मुंबई-कोलकाता महामार्गावर वसलेलं लाखनी हे असंच एक गाव. अशा गावात एखाद्या पोट्ट्याच्या गालावर फुलपाखरू आणि हातात फुग्याची तलवार दिसली की बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं बाहेरून आलं. फुग्यापुरतं ते खरं आहे. चेहऱ्याची गोष्ट मात्र इथलीच आहे आणि बरीच जुनी आहे.

मंडईतले चेहरे

लाखनी झाडीपट्टीत येतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा हा धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागलं की भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे आणि दंडार, रात्री नाटक. पाहुणे मंडईच्या निमित्ताने येतात, सोयरिकीही जुळतात. वडसा म्हणजे देसाईगंज इथे नाटक मंडळ्यांची कार्यालयं उघडतात आणि होळीपर्यंत हंगाम चालतो. याच रंगभूमीवरचे गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

दंडारीत पुरुषच बाईचं सोंग घ्यायचे, तेव्हा चेहरा बदलणं भागच होतं. तयार मेकअप गावात मिळत नव्हता. मग हळद, कुंकू, काजळ आणि मुर्दाडशिंग हीच सामग्री. मुर्दाडशिंग हा पिवळसर झाक असलेला खनिज पदार्थ. तो उगाळून तोंडाला लावला की कंदिलाच्या आणि गॅसबत्तीच्या उजेडात चेहरा उजळ दिसायचा. गावोगावच्या लोकनाट्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच वापरलं गेलं.

पण मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शिसं विषारी असतं. धड कातडीतून ते फारसं आत जात नाही, पण ओठांवरून, घामावाटे आणि न धुतलेल्या हातांनी पोटात जातं. हा फक्त आपल्याकडचा अडाणीपणा नव्हता. युरोपातले नटही शिशाचाच सफेदा तोंडाला फासत होते. बर्लिनमध्ये लुडविग लाइख्नर या ऑपेरा गायकाने 1873 मध्ये शिसं नसलेल्या रंगभूषेचा कारखाना काढला, तेव्हा कुठे तिथल्या नटांना वेगळा पर्याय मिळाला.

बघणारं मूल, रंगणारं मूल

या सगळ्यात मूल कुठे होतं? बहुतेक वेळा समोर, पहिल्या रांगेत, पोत्यावर. दारात आलेला बहुरूपी हनुमान होऊन डोळे वटारायचा आणि पोरं आईच्या मागे लपायची. नागपुरात मोहरमला नवस फेडणारे ‘वाघ’ अंगावर पट्टे रंगवून निघायचे. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 च्या सुमारास पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे सर्कशीबरोबर विदूषकाचा पांढरा चेहरा आणि लाल गालही आले. ते रूप लंडनच्या जोसेफ ग्रिमाल्डीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घडवलं होतं. या सगळ्यांत रंग मोठ्यांच्या चेहऱ्यावर होता. मुलाचं काम घाबरणं किंवा हसणं.

विदर्भात मात्र एक दिवस असा आहे, ज्या दिवशी मूलच सोंग घेतं. तो म्हणजे तान्हा पोळा. पिठोरी अमावास्येला मोठ्यांचा, खऱ्या बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी पोरांचा. चाकं लावलेला लाकडी नंदी सजवून पोरं मिरवतात आणि घरोघरी जाऊन बोजारा मागतात. ही प्रथा नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 मध्ये सुरू केली असं सांगितलं जातं. शेतीचं नातं मुलांच्या हातात खेळणं म्हणून द्यावं, ही त्यामागची कल्पना. पुढे नंदी सजावटीच्या जोडीला वेशभूषा स्पर्धा आल्या. कुणी कृष्ण, कुणी शिवाजी महाराज, कुणी शेतकरी. काजळाची मिशी आणि कुंकवाचा टिळा काढून देणारी आई किंवा मावशी ही खरं म्हणजे आपल्याकडची पहिली फेस पेंटर. तिला कुणी मानधन दिलं नाही आणि तिचं नावही कुठे लिहिलं गेलं नाही.

फुगा कुठून आला

रबराचा पहिला फुगा खेळण्यासाठी केलेला नव्हता. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे 1824 मध्ये हायड्रोजनवर प्रयोग करत होते. वायू साठवायला त्यांनी रबराचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून कडा दाबल्या. आतल्या बाजू चिकटू नयेत म्हणून त्यांनी वापरलं ते चक्क पीठ. पुढच्याच वर्षी थॉमस हॅनकॉकने घरी फुगे करायचा संच विकायला काढला. 1847 मध्ये लंडनमध्येच व्हल्कनाइझ केलेल्या रबराचे फुगे आले, जे उन्हात वितळत नव्हते आणि थंडीत तडकत नव्हते. 1931 मध्ये अमेरिकेत नील टिलोटसनने मांजराच्या तोंडाच्या आकाराचा पुठ्ठा रबराच्या चिकात बुडवून फुगा केला आणि चिकाच्या फुग्यांचा धंदा वाढला. लांब फुगे पिळून प्राणी करण्याचा मान बहुतेक वेळा पेनसिल्व्हेनियाच्या हर्मन बॉनर्ट यांना दिला जातो. 1939 मध्ये जादूगारांच्या एका संमेलनात त्यांनी तो खेळ दाखवला असं सांगतात.

जत्रेतला आपला फुगेवाला तयार फुगा विकतो. पिळणारा कलाकार फुगा घडताना दाखवतो. हातात करकर आवाज होत असतो, मुलं ‘फुटला, फुटला’ म्हणत कानांवर हात ठेवतात आणि तेवढ्यात कुत्रा तयार होतो. त्याला गॅसची टाकीही लागत नाही, साधा हातपंप पुरतो. जत्रेत गॅसच्या टाक्या फुटून होणारे अपघात आठवले तर ही किती मोठी सोय आहे हे कळेल.

शिकणं म्हणजे काय

पिळायच्या फुग्याचा प्रचलित आकार ‘260’: फुगवल्यावर साधारण 2 इंच जाड आणि 60 इंच लांब. शिकणाऱ्याची पहिली चूक ठरलेली, फुगा पूर्ण फुगवणं. प्रत्येक पिळाबरोबर हवा पुढे सरकते, म्हणून शेपटाकडे चार-पाच बोटं रिकामी सोडावी लागतात. पीळ गाठीकडून सुरू करायचा आणि नेहमी एकाच दिशेला द्यायचा, नाहीतर आधीचा सुटतो. कुत्र्याचे भाग दहा: तोंड, दोन कान, मान, पुढचे दोन पाय, पोट, मागचे दोन पाय आणि उरलेली शेपटी. कान, पुढचे पाय आणि मागचे पाय अशा तीन जोड्या एकमेकींत पिळून अडकवल्या की प्राणी उभा राहतो. कुत्रा जमला की मान लांब ठेवून जिराफ होतो, कान लांब ठेवून ससा.

चेहऱ्याचा रंगही पायरीपायरीने शिकता येतो. वाघ काढायचा तर ओल्या स्पंजने मध्ये पिवळा, कडेला नारिंगी; डोळ्यांवर आणि तोंडाभोवती पांढरा; काळे पट्टे सगळ्यात शेवटी, ब्रशने, बाहेरून आत. मूल पाच मिनिटांपेक्षा जास्त स्थिर बसत नाही, त्यामुळे हात आधी कागदावर आणि मग स्वतःच्या दंडावर बसवावा लागतो. अर्धा रंगलेला वाघ रडायला लागला तर त्याच्यावर इलाज नाही.

जबाबदारी कुणाची

दंडारीतला नट स्वतःच्या मर्जीने तोंड रंगवायचा. चार वर्षांचं मूल तसं ठरवू शकत नाही. ते फक्त गाल पुढे करतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार पोटात गेलेलं शिसं मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाचपट शोषून घेतं आणि रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरायला मनाई आहे. पण स्टेशनरीच्या दुकानातला पोस्टर कलर किंवा अ‍ॅक्रिलिक रंग हे सौंदर्यप्रसाधन नाही. तो कागदासाठी आणि कॅनव्हाससाठी आहे, डबीवर काहीही लिहिलेलं असो. कातडीसाठीच केलेला, पाण्याने ओला करून लावायचा रंग महाग पडतो. दर ठरवताना तो खर्च धरायला हवा आणि यजमानांना सांगायलाही हवा. मनगटावर आधी ठिपका लावून बघणं, पुरळ किंवा जखम असेल तर नम्रपणे नाही म्हणणं, एका मुलाचा स्पंज दुसऱ्याला न लावणं, क्राफ्टची चमकी डोळ्यांजवळ न नेणं, हे सगळं या कलेतच मोडतं.

फुग्याचंही तसंच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुलाने तोंडात घातला तर तो श्वासनलिकेवर घट्ट बसू शकतो. अमेरिकेत 1994 च्या कायद्याने फुग्यांच्या पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी तसा इशारा छापणं बंधनकारक केलं. म्हणून चांगला कलाकार कार्यक्रम संपल्यावर आधी तुकडे वेचतो, मग पैसे घेतो.

लाखनीच्या आसपास कुणी तरुण किंवा तरुणी हे काम शिकत असेल, तर त्यांच्यासाठी हंगाम आपल्याच पंचांगात लिहिलेला आहे: तान्हा पोळा, मग भाऊबीजेनंतरची मंडई, मग शाळांची स्नेहसंमेलनं, आणि वर्षभर वाढदिवस. मुर्दाडशिंग लावणाऱ्यांना आपण काय लावतो हे कळायला मार्ग नव्हता. आज डबीवरची घटकांची यादी फोनवर दोन मिनिटांत तपासता येते. पुढच्या तान्ह्या पोळ्याला एखादं पोट्टं वाघ व्हायला समोर बसेल, तेव्हा ती यादी आधीच वाचून झालेली असावी.