बदलीचा अर्ज: शिकागोतले शिक्षक कोणती शाळा टाळत?

आता प्रश्न असा, की शिक्षकाने कोणती सरकारी शाळा टाळावी हे ठरवायचं कशावरून? आपण शिकागोचं उदाहरण घेऊ. तिथल्या ६० शिक्षकांच्या मुलाखती घेऊन हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली लेख लिहिला. (गृहस्थ जॅझ पियानोही वाजवायचे.) त्यात दिसतं ते असं: हुद्दा तोच, शाळा मात्र बदलायची, हीच या लोकांची बढती. नव्या शिक्षकाला बहुधा गरीब वस्तीतली शाळा मिळे, कारण जागा तिथेच रिकाम्या. आधीचे निघून गेलेले! मग तोही बदलीचा अर्ज टाकून वाट बघत बसे.

शाळेची पारख व्हायची ती मुलांच्या घरावरून. गरिबांची मुलं आवरत नाहीत, श्रीमंतांची हुशार पण लाडावलेली. म्हणजे टाळायची ती शाळा की ती माणसं, हे आपणच बघा.

पण काहीजण राहिले. काही वर्षांत त्यांचा वस्तीत दरारा बसला, थोरल्या भावाला शिकवलेलं म्हणून धाकटा ऐकू लागला, आईबाप ओळखू लागले. पुढे बदलीची संधी आली तरी त्यांना ती नकोशी वाटे. नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून नाव कमवावं लागलं असतं.

आणि जे 'चांगल्या' शाळेत पोचले? तेही निर्धास्त नव्हतेच. वस्ती पालटायची. कधी नुसता मुख्याध्यापक बदलायचा, शिक्षकाची बाजू न घेणारा यायचा, की पुन्हा अर्ज.