बुद्ध्यांक कुठून आला?

मुलाच्या रिपोर्टवरचा बुद्ध्यांक वाचून तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर ही चाचणी मुळात कशासाठी निघाली ते वाचा.

वर्गात मागे पडणाऱ्या आणि वेगळ्या शिकवणीची गरज असलेल्या मुलांसाठी फ्रान्सच्या शिक्षण खात्याने १९०४ साली समिती नेमली. पण अशी मुले ओळखायची कशी? आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये ३० कृतींची चाचणी तयार केली. नाक दाखव, तीन आकडे ऐकून परत म्हण, माशी आणि फुलपाखरू यांत फरक काय? बिने एवढ्यावर थांबले नाहीत. या मुलांचे लक्ष टिकावे म्हणून त्यांनी व्यायाम सुचवले. त्यात पुतळ्यासारखे स्तब्ध राहण्याचा खेळही होता. आपला ‘स्टॅच्यू’च म्हणा ना!

बुद्ध्यांक मात्र बिनेंचा नाही. ते १९११ मध्ये वारले. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी १९१२ मध्ये मांडली. अमेरिकेत या चाचण्यांचा उपयोग माणसांवर शिक्का मारायला झाला. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांची सक्तीची नसबंदीही वैध ठरवली.

भारतात व्ही. व्ही. कामत यांनी ही चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी तुम्ही ऐकली असेल. आपला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मात्र बुद्धीबरोबर रोजचे व्यवहारही पाहतो. म्हणून तपासणीला जाताना मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, दुकानातून दूध आणते का, हे लिहून न्या.