धातूचे अदृश्य कवच

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचा अदानी पॉवरचा औष्णिक वीजप्रकल्प आहे. त्यातील ६६० मेगावॉटचे पाच संच २०१२ ते २०१४ या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाले. हे संच 'सुपरक्रिटिकल' तंत्रज्ञानाचे आहेत. म्हणजेच त्यांच्या बाष्पकात पाण्याचा दाब २२१ बार आणि तापमान ३७४ अंश सेल्सियस या मर्यादांपलीकडे नेले जाते. इतक्या तप्त पाण्यात आणि वाफेत पोलादी नळ्या झपाट्याने झिजायला हव्यात. तसे होत नाही, याचे श्रेय नळीच्या आतल्या पृष्ठभागावर लोखंडापासूनच तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या थराला जाते.

असे थर सर्वत्र आढळतात. अ‍ॅल्युमिनियमचा ताजा काप हवेत येताच त्यावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. त्याची जाडी दोन ते चार नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्याच्या ऑक्साइडचा एक ते तीन नॅनोमीटर जाडीचा थर भांड्याला गंजापासून वाचवतो. ओरखडा पडला तरी हवेतील ऑक्सिजनमुळे तो पुन्हा भरून येतो.

थर वाढतो कसा, थांबतो कसा?

थराच्या वाढीचा सिद्धांत कॅब्रेरा आणि मॉट यांनी १९४९ मध्ये मांडला. धातूतील इलेक्ट्रॉन पातळ थर ओलांडून पृष्ठभागावरील ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. त्यामुळे थरात तीव्र विद्युतक्षेत्र निर्माण होते आणि ते धातूचे आयन बाहेर खेचते. थर जाड होत जातो तसे हे क्षेत्र क्षीण होते आणि सामान्य तापमानाला वाढ जवळजवळ थांबते.

मात्र प्रत्येक ऑक्साइड संरक्षक नसतो. ऑक्साइडचे आकारमान मूळ धातूपेक्षा कमी असल्यास थराला भेगा पडतात. फारच जास्त असल्यास त्याचे पोपडे सुटतात. ही कसोटी पिलिंग आणि बेडवर्थ यांनी १९२३ मध्ये सांगितली. ओल्या हवेतील तांबडा गंज सच्छिद्र असल्याने तो लोखंडाला वाचवू शकत नाही.

बाष्पकातील कसरत

बाष्पकातील तप्त पाण्यात लोखंडावर मॅग्नेटाइट हा काळा, घट्ट ऑक्साइड तयार होतो. उच्च तापमानामुळे त्याची वाढ नॅनोमीटरवर न थांबता मायक्रोमीटरमध्ये जाते. तो टिकावा म्हणून पाणी अतिशुद्ध करून अमोनियाने किंचित अल्कधर्मी राखतात. काही केंद्रांत त्यात अत्यल्प ऑक्सिजनही सोडतात. त्यामुळे मॅग्नेटाइटची छिद्रे बुजून थर अधिक घट्ट होतो. वाफेच्या नळ्यांत हाच थर प्रमाणाबाहेर वाढला, तर संच थंड होताना त्याचे पोपडे निघतात. ते नळीच्या वळणात अडकले की वाफेचा प्रवाह अडतो, नळी तापून फुटू शकते आणि संच बंद ठेवावा लागतो. थर हवा, पण मोजका हवा.

प्रयोगशाळेत मात्र असे थर हेतुपूर्वक वाढवले जातात. अतिनिर्वात कक्षात निकेल-अ‍ॅल्युमिनियमचा स्फटिक तापवून मोजका ऑक्सिजन सोडला, की सुमारे अर्धा नॅनोमीटर जाडीचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा सुबक थर मिळतो. उत्प्रेरकांच्या अभ्यासात त्याचा उपयोग होतो.

घरातही हे कवच जपावे लागते. चिंच किंवा आमसुलाचे आंबट पदार्थ आणि धुण्याचा सोडा अ‍ॅल्युमिनियमवरील थर विरघळवतात. म्हणून आंबट पदार्थ त्या भांड्यांत साठवू नयेत. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात खारट पाणी फार काळ राहिल्यास मिठातील क्लोराइड थर भेदते आणि बारीक खड्डे पडतात. अशी भांडी वेळीच धुऊन कोरडी करून ठेवणे हाच त्यावरचा साधा उपाय आहे.